'व्हेन वुई टू पार्टेड' : विरहगीत की आरोपपत्र?

गौतमीतीर (धागाकर्ती)

इंग्रज कवी बायरनची 'व्हेन वुई टू पार्टेड' ही कविता आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजात इंग्रजीच्या तासाला वाचली असेल. आठ-आठ ओळींची चार कडवी, ओळी अगदी आखूड. आठवत नसेल त्यांच्यासाठी आशय थोडक्यात सांगते.

आपण दोघं वेगळे झालो ते मुकाट्याने, डोळ्यांत पाणी घेऊन. तुझा गाल फिका पडला, गार झाला. तुझं चुंबन त्याहून गार होतं. आजच्या दुःखाची चाहूल त्या घटकेनेच दिली होती. पहाटेचं दव माझ्या कपाळावर गारठून उतरलं. तुझ्या सगळ्या शपथा मोडल्या, तुझी अब्रू हलकी झाली; लोक तुझं नाव घेतात आणि त्या नावाच्या लाजेत मीही वाटेकरी होतो. ते नाव मला चर्चमधल्या मृत्युघंटेसारखं ऐकू येतं. मी तुला ओळखत होतो हे त्यांना ठाऊक नाही. आपण चोरून भेटलो, आता मी मूकपणे झुरतो, की तुझं मन विसरू शकलं, फसवू शकलं. पुष्कळ वर्षांनी भेट झालीच तर तुला कसं सामोरं जाऊ? मुकाट्याने, डोळ्यांत पाणी घेऊन.

ही कविता हळवी विरहकविता म्हणून शिकवली जाते. मला ते मान्य नाही. माझ्या मते हे आरोपपत्र आहे, आणि आरोपी बाईला त्यात एक शब्दही बोलू दिलेला नाही.

तिच्या नावावर काय काय मांडलंय ते बघा. ती गार पडली, तिने शपथा मोडल्या, ती विसरली, तिने फसवलं. त्याच्या नावावर काय? त्याने दव सोसलं, तिचं नाव ऐकलं, तो शहारला, झुरला. करणारी सगळीकडे ती, सोसणारा सगळीकडे तो. 'आपण' हे सर्वनाम अख्ख्या कवितेत दोनदाच येतं: एकदा 'आपण वेगळे झालो' म्हणताना आणि एकदा 'आपण चोरून भेटलो' म्हणताना. म्हणजे भेट दोघांची, ताटातूट दोघांची, पण त्यानंतरचा सगळा दोष तिचा एकटीचा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पहिलं कडवं. निरोपाच्या वेळी बाईचा गाल पांढराफटक पडतो, गार होतो. का पडला असेल? भीतीने पडेल, दुःखाने पडेल, पुढे काय होणार या काळजीने पडेल. पण आज तिच्याबद्दल कुजबुज कानावर आल्यावर तो मागे वळून बघतो आणि म्हणतो, तेव्हाच कळायला हवं होतं. तिच्या दुःखाची खूण तो तिच्या अपराधाचा पुरावा म्हणून हजर करतो. हे प्रेम आहे, असेलही. पण न्याय नक्कीच नाही.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं जरूर मांडा, त्यासाठीच धागा काढला आहे.

वळचण

असहमत. अगदी मुळातून असहमत.

कविता म्हणजे खटला नव्हे. दुखावलेला माणूस निवाडा द्यायला बसलेला नसतो, तो कण्हत असतो. कण्हताना कोणी दोन्ही बाजू तपासत नाही. त्याने तिची बाजू मांडली असती तर कविता समतोल झाली असती आणि आज आपण तिच्याविषयी बोलतही नसतो.

तुम्ही मोजणी केलीत, पण तिसऱ्या कडव्यातला प्रश्न मोजायचा राहिला. 'तू मला एवढी प्रिय का होतीस?' हा प्रश्न तिला नाही, स्वतःला आहे. ज्याचा निवाडा पक्का झालाय तो असा प्रश्न विचारत नाही. आणि 'त्या लाजेत मीही वाटेकरी होतो' ही ओळ तुम्ही आशयात घेतलीत आणि युक्तिवादात सोडून दिलीत. त्याला गप्प राहून नामानिराळा होता आलं असतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो म्हणतो, ही लाज माझीही आहे. आरोप करणारा माणूस आरोपीच्या शेजारी जाऊन उभा राहतो का?

आणखी एक. संपूर्ण कवितेत समोरची व्यक्ती बाई आहे असं सांगणारा एकही शब्द नाही. बोलणारा पुरुष आहे असंही कुठे म्हटलेलं नाही. 'मी' आणि 'तू', बस्स. 'बाईला बोलू दिलं नाही' हे तुम्ही बाहेरून आणलंत. ही कविता कोणीही कोणाहीसाठी म्हणू शकतं, म्हणून ती दोनशे वर्षं टिकली.

जुना_मास्तर

मी ही कविता अनेक वर्षं वर्गात शिकवली आहे, म्हणून चार शब्द.

आधी ती कानांनी वाचायला हवी. ओळीत ठोके, म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या जागा, दोनच. 'व्हेन वुई टू पार्टेड, इन सायलेन्स अँड टिअर्स.' मोठ्याने म्हणून बघा, दोन शब्द उच्चारले की थांबावं लागतं. रडू आवरत बोलणारा माणूस असाच बोलतो. पहिल्या कडव्यात 'पेल ग्रू दाय चीक अँड कोल्ड' या ओळीत ठोके तीन होतात, ओळ जड होते, आणि लगेच 'कोल्डर दाय किस' अशी चारच अक्षरांची ओळ येते. तिथे बोलणाऱ्याचा आवाजच जातो. हे कारागिरीने साधलेलं आहे. आवेगात आपोआप घडलेलं नाही.

यमकं पाहा. दुसऱ्या कडव्यात 'ब्रोकन'ला 'स्पोकन' आणि 'फेम'ला 'शेम'. मोडलेली शपथ आणि लोकांच्या तोंडी आलेलं नाव, कीर्ती आणि लाज, अशा जोड्या लावून त्याने सगळी गोष्ट यमकांतच सांगून टाकली आहे. पहिल्या कडव्यात 'टिअर्स' आधी येतं, 'यिअर्स' नंतर. शेवटच्या कडव्यात क्रम उलटा: आधी वर्षं, मग अश्रू. अश्रूंपासून निघून वर्षांच्या पलीकडे जायचं, तर तिथेही अश्रूच. सुरुवातीचं मौन दोघांचं होतं. शेवटचं मौन त्याचं एकट्याचं आहे, आणि तेही अजून न झालेल्या भेटीतलं.

वळचण यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. आवाजात आरोप कमी आणि दम तुटणं जास्त आहे. पण गौतमीताईंचं 'आपण'वरचं निरीक्षण मला वर्गात कधी सुचलं नव्हतं. ते खरं आहे. दोन वेळाच.

एक माहिती देऊन ठेवतो. बायरनने या कवितेवर १८०८ साल घातलं होतं. वीस वर्षांच्या पोराने लिहिलेली कविता म्हणून ती कित्येक वर्षं वाचली गेली. पालग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी'तही ती आहे, आणि हा १८६१चा संग्रह आपल्याकडे केशवसुतांच्या काळात इंग्रजी शिकलेल्यांच्या हाती असे. प्रत्यक्षात कविता १८१५ची आहे आणि छापली गेली १८१६च्या संग्रहात. तारीख मुद्दाम खोटी घातलेली आहे.

सातारी_वकील

मास्तर, तारखेचा विषय काढलात तर पुढचंही सांगायला हवं. तारीख खोटी का? तर बाई ओळखू येऊ नये म्हणून. आणि ती बाई कोण हे आता गुपित राहिलेलं नाही: लेडी फ्रान्सिस वेडरबर्न वेब्स्टर. बायरनच्या मित्राची, जेम्स वेडरबर्न वेब्स्टरची बायको. १८१३च्या शरद ऋतूत बायरन यॉर्कशरमध्ये रॉदरहॅमजवळ ॲस्टन हॉल इथे त्यांच्याकडे पाहुणा म्हणून गेला होता, तिथे हे सुरू झालं.

वळचण म्हणतात कविता म्हणजे खटला नव्हे. पण या प्रकरणात खराच खटला झाला होता आणि तो कवितेच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे.

१८१५च्या जूनमध्ये वॉटर्लूच्या लढाईच्या दिवसांत हे वेब्स्टर जोडपं ब्रसेल्समध्ये होतं. ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनची आणि लेडी फ्रान्सिसची चांगली ओळख झाली होती. लढाईच्या दिवशी, १८ जूनला पहाटे तीन वाजता वेलिंग्टनने तिला चिठ्ठी लिहिली, की वेळ पडली तर ब्रसेल्स सोडून अँटवर्पला निघायची तयारी ठेवा. ती चिठ्ठी उपलब्ध आहे. पुढे ऑगस्टमध्ये लंडनच्या 'सेंट जेम्सेस क्रॉनिकल' या वर्तमानपत्राने वेलिंग्टन आणि फ्रान्सिस या दोघांचं प्रकरण असल्याचा मजकूर छापला. वेब्स्टरने पत्राच्या बाल्डविन नावाच्या मालकावर बदनामीचा दावा लावला आणि फेब्रुवारी १८१६मध्ये ज्यूरीने २,००० पौंडांची भरपाई मंजूर केली. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

आता क्रम लावा. कविता लिहिली गेली ती कुजबुज शिगेला असताना, १८१५च्या उत्तरार्धात. कविता छापून आली निकालानंतर, १८१६च्या उन्हाळ्यात. म्हणजे 'तुझी अब्रू हलकी झाली' हे वाक्य छापखान्यात गेलं तेव्हा तिच्या अब्रूचा निकाल न्यायालयात तिच्या बाजूने लागलेला होता. भरपाई मिळाली याचा अर्थ काहीच घडलं नाही असा होत नाही, हे मी धंद्याने जाणतो. पण पत्राला आपला मजकूर सिद्ध करता आला नाही एवढं नक्की. आणि बायरनला तर सिद्ध करायचीही गरज नव्हती. ऐकीव गोष्टीवर त्याने 'शपथा मोडल्या' असं लिहून टाकलं.

अजून एक मुद्दा, जो इंग्रजीच्या वर्गात कोणी सांगत नाही. त्या काळच्या इंग्लंडात नवरा आपल्या बायकोच्या प्रियकरावर पैशांचा दावा लावू शकत असे. असे दावे १८५७पर्यंत चालू होते. त्यात नवरा वादी, प्रियकर प्रतिवादी. बायको पक्षकारच नसे. जिच्या चारित्र्यावर दिवसदिवस उलटतपासण्या चालायच्या तिला साक्षीलाही उभं राहता येत नसे. गौतमीताई 'तिला बोलू दिलं नाही' म्हणतात ते फक्त कवितेपुरतं नाही. तो त्या समाजाचा कायदाच होता आणि कविता त्या कायद्याच्या आतूनच बोलते.

वळचण

वकीलसाहेब, माहिती अप्रतिम. पण मला सांगा, ही माहिती नसताना ज्यांनी ही कविता वाचली ते काय चुकीचं वाचत होते? ज्यांना फ्रान्सिस ठाऊक नाही, वेलिंग्टन ठाऊक नाही, त्यांनाही ती लागते. मग ही माहिती कवितेच्या आत नाही, बाहेर आहे.

आणि चरित्रच आणायचं तर पूर्ण आणा. खोटी तारीख घालून त्याने तिला वाचवलं. स्वतःच्या तरुणपणीच्या कुठल्या तरी प्रकरणावर लोकांचा समज जाऊ दिला. आरोपपत्र लिहिणारा आरोपीचं नाव आणि वर्ष खोडून टाकतो का?

गौतमीतीर

वळचण, याच मुद्द्यावर मला यायचं होतं. गुपित कोणी राखलं?

कविता म्हणते, 'इतकं खोल, की सांगता येत नाही.' पण १८१३च्या त्या शरद ऋतूत बायरन जवळजवळ रोजच्या रोज सगळं सांगत होता, लेडी मेलबर्नला, पत्रांतून. ही लेडी मेलबर्न म्हणजे त्याची वयाने कितीतरी मोठी सल्लागार, लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळातली मुरलेली बाई, आणि पुढे १८१५च्या जानेवारीत ज्या ॲनाबेला मिलबँकशी त्याने लग्न केलं तिची सख्खी आत्या. ॲस्टन हॉलच्या बिलियर्ड्सच्या खोलीत फ्रान्सिसला चिठ्ठी कशी दिली, नेमका त्याच क्षणी नवरा कसा आत आला, तिने प्रसंगावधान राखून ती चिठ्ठी पोलक्यात कशी लपवली, हे सगळं त्याने मोठ्या रंगतीने कळवलं आहे. पुढे सगळी मंडळी त्याच्या न्यूस्टेडच्या घरी गेली. तिथे तिने 'आता सगळं तुमच्या हाती आहे' अशा अर्थाचं म्हटलं आणि आपण तिला सोडून दिलं, हेही त्याने कळवलं. त्याच सुमारास त्याने तिच्या नवऱ्याला हजार पौंड उसने दिले.

ज्या बाईने विशीत, लग्नाच्या बंधनात, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत एवढा धोका पत्करला तिच्या गुपिताची बातमीपत्रं निघत होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मग विश्वासघात कोणी कोणाचा केला?

खोट्या तारखेबद्दल. हो, तिला आडोसा मिळाला. पण वकीलसाहेबांनी सांगितलेला कायदा लक्षात घ्या. हे प्रकरण बाहेर आलं असतं तर वेब्स्टर बायरनवरही दावा लावू शकला असता. गुपित दोघांचं होतं, आणि ते राखल्याचा फायदाही दोघांना होता. एकट्याने उपकार केल्यासारखं त्याकडे बघू नये.

आणि कविता लिहिली तेव्हा बायरन स्वतः कोण होता? नवपरिणीत नवरा. बायको गरोदर, डिसेंबर १८१५मध्ये मुलगी झाली, जानेवारीत बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली ती कायमचीच. असा माणूस दुसऱ्याच्या बायकोला 'तुझ्या शपथा मोडल्या' म्हणतो तेव्हा मी विचारणार: कोणत्या शपथा? लग्नाच्या? त्या तर ती तुझ्यासाठीही मोडायला निघाली होती, तेव्हा तुला चाललं.

बकुळ

एरवी मी इथे फक्त वाचते. आज राहवलं नाही.

गौतमीताई, तुमचा एकेक मुद्दा पटतो आणि तरीही ही कविता माझ्यापासून काढून घेऊ नका असं वाटतं. मी बाई आहे आणि ती मी नेहमी बोलणाऱ्याच्याच जागी उभी राहून वाचत आले. मला कधी वाटलंच नाही की मी त्या 'तू'च्या जागी उभं राहायला हवं.

ज्या नात्याला जगात नाव नाही ते तुटलं की काय होतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना तिसरं कडवं समजावून सांगावं लागत नाही. चारचौघांत विषय निघतो. कोणीतरी सहज त्या माणसाचं नाव घेतं, त्याच्याबद्दल बरंवाईट बोलतं. तुम्हाला चेहरा हलू द्यायचा नसतो. चहाचा कप तसाच हातात धरून 'हो का?' म्हणायचं असतं. नवरा-बायको वेगळे झाले, साखरपुडा मोडला, तर लोक येतात, बसतात, दोन शब्द बोलतात. इथे कोणी येत नाही, कारण कोणाला ठाऊकच नाही. दुःख करायचाही हक्क लागतो आणि तो हक्क नात्याच्या नावातून येतो. 'मी तुला ओळखत होतो हे त्यांना ठाऊक नाही' या एका ओळीत हे सगळं आहे. हे मला दुसऱ्या कोणत्याही कवितेत इतकं उघडं सापडलेलं नाही.

बायरन माणूस म्हणून कसा होता ते तुम्ही सांगितलंत, आणि ते ऐकून मला रागच आला. पण त्या ओळीतलं दुःख खोटं आहे असं मला अजूनही म्हणवत नाही.

सातारी_वकील

बकुळताई, तुमच्या प्रतिसादाने माझ्यासारख्या कागदपत्रांच्या माणसालाही थांबून विचार करावा लागला. तरी एक विचारतो. त्या तिसऱ्या कडव्यात चहाचा कप हातात धरून बसलेला जो आहे, तो तिच्याबद्दल वाईट बोलणाऱ्यांना अडवतो का? तो शहारतो, त्याला यातना होतात, पण त्यांचं बोलणं खरं धरूनच तो पुढे जातो. 'ते' म्हणतात म्हणून शपथा मोडल्या. 'ते' कोण? ज्या समाजापासून दोघांनी आपलं नातं लपवलं तोच समाज. भेटताना त्यांच्यावर विश्वास नव्हता, मग तिच्याविषयी बोलताना एकदम का बसला?

छंदोमय

एक वेगळा धागा जोडतो. आपल्याकडे विरह म्हटला की बोलणारी बहुधा ती असते. ज्ञानदेवांची विराणी आठवा, 'घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा'. पुरुष संत, पण भूमिका विरहिणीची. भवतारकु कान्हा भेटत नाही म्हणून चंदन अंगाला पोळतं. तिथे तक्रार आहे, 'तू फसवलंस' नाही. विरहिणी आपल्या देहाची अवस्था सांगते आणि वाट बघत राहते. ही भक्तीची कविता आहे, एका माणसाने दुसऱ्या माणसाला लिहिलेली नाही, हे मान्य. पण विरहात समोरच्याच्या चारित्र्याबद्दल बोलायलाच हवं असा काही काव्याचा नियम नाही, एवढंच त्यातून दाखवायचं आहे. बायरनने तो मार्ग निवडला.

आणि निवडला हे म्हणतोय कारण त्याच्याकडे दुसरा मार्गही होता. त्याच १८१६च्या संग्रहात 'फेअर दी वेल' ही बायकोला उद्देशून लिहिलेली कविता आहे. तीही निरोपाचीच. ती एप्रिलमध्येच वर्तमानपत्रात आली आणि घरातलं भांडण चव्हाट्यावर गेलं. एकाच पुस्तकात दोन निरोप, एक साऱ्या लंडनला ठाऊक असलेला आणि एक कोणालाच ठाऊक नसलेला. मला स्वतःला उघड निरोपाची कविता भाषणासारखी वाटते. लपवलेल्या निरोपाची कविता आजही अंगावर येते.

गौतमीतीर

छंदोमय, दोन निरोप शेजारी ठेवलेत हे फार चांगलं केलंत. आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगते, जी मी मागे ठेवली होती.

या कवितेला आणखी एक कडवं होतं, जे बायरनने छापलं नाही. जून १८२३मध्ये जिनोआहून लेडी हार्डी या नातेवाईक बाईंना लिहिलेल्या पत्रात त्याने ते उतरवून दिलं. त्यात 'फॅनी' असं नाव आहे. फॅनी म्हणजे फ्रान्सिस. आशय असा: जा, सुखी राहा, फॅनी, आता तू दुहेरी बुडालीस, एकाशी बेइमान होतीस तशी अनेकांशी झालीस, मी बोलावू म्हटलं तरी तू परत बोलावण्याच्या पलीकडे गेलीस, कारण बाई एकदा पडली की कायमचीच पडते.

'बाई एकदा पडली की कायमचीच पडते.' आता सांगा, हे कण्हणं आहे की निकाल? वळचण म्हणाले होते, समोरची व्यक्ती बाई आहे हे मी बाहेरून आणलं. मी आणलेलं नाही. ते कवितेतच होतं, कवीने कापलं. छापलेल्या ओळींच्या खाली हे कडवं अजूनही आहे असंच मी वाचते. 'तुझी अब्रू हलकी झाली' यामागचा विश्वास तोच आहे. आणि आठ वर्षांनी, ती बाई जिवंत असताना, त्याने हे तिसऱ्याच बाईला पत्रातून कळवलं. त्याने गुपित 'राखलं' म्हणतात ते असं.

वळचण

हे कडवं वाचून क्षणभर मीही गप्प झालो. भयंकर आहे, आणि कविता म्हणूनही वाईट आहे.

पण गौतमीताई, माझ्यासाठी हाच सर्वांत मोठा पुरावा आहे, माझ्या बाजूचा. ते कडवं त्याने लिहिलं आणि काढलं. का काढलं? तिच्या नावासाठी काढलं असं त्याने सांगितलं असेल, ते खरंही असेल. पण नाव लपवायचं तर 'फॅनी' हा एक शब्द बदलून भागलं असतं. त्याने अख्खा निकाल काढून टाकला. जे छापलं त्याच्या शेवटी 'पडलेली बाई' नाही, तर एक प्रश्न आहे: भेटलीस तर कसा सामोरा जाऊ? आणि उत्तर म्हणून फक्त मौन आणि अश्रू. माणूस बायरनने निकाल दिला होता, कवी बायरनने तो मागे घेतला. आपण कवी वाचतो. खोडलेल्या ओळी धरून कवीला दोषी ठरवायचं तर जगातला कोणताच कवी सुटणार नाही, कारण खोडणं हेच त्याचं निम्मं काम असतं.

जुना_मास्तर

वळचण, मला वाटतं तुम्ही दोघंही त्या कडव्याला नको इतकं महत्त्व देताय. छापलेल्या चार कडव्यांतच वाद पुरेसा आहे. 'सायलेन्स'कडे पुन्हा बघा. पहिल्या ओळींत दोघं गप्प आहेत कारण दुःख मोठं आहे. चौथ्या कडव्यात तो गप्प आहे कारण गुपित आहे. आणि शेवटच्या ओळीत तो गप्प राहणार आहे, तिथे कारण दिलेलं नाही. तिला क्षमा केली म्हणून गप्प? की बोलण्याच्या लायकीची समजत नाही म्हणून? मी वर्गात हा प्रश्न विचारायचो तेव्हा मुलं हमखास 'प्रेम अजून आहे म्हणून' असं उत्तर द्यायची आणि मुली बऱ्याचदा काही न बोलता खाली बघायच्या. त्यांच्या गप्प राहण्याचं कारण मी तेव्हा विचारायला हवं होतं, असं आज हा धागा वाचताना वाटतं.

बकुळ

मास्तर, मी त्या खाली बघणाऱ्या मुलींपैकीच एक होते, वर्ग दुसरा असेल. माझं उत्तर असं होतं: तो गप्प राहील कारण तो काहीही बोलला तरी ती काहीतरी बोलेल, आणि ते ऐकायची त्याची तयारी नाही.

गौतमीताई, तिचं म्हणणं कुठे आहे का? काहीच शिल्लक नाही का?

गौतमीतीर

आहे. फ्रान्सिसने १८१३-१४मध्ये बायरनला लिहिलेली पत्रं त्याने ठेवून दिली होती, आणि त्यांतली काही १९३९ साली छापली गेली. लांबलचक, घाबरलेली, आर्जवाने भरलेली पत्रं आहेत. उत्तर का येत नाही म्हणून विचारणारी.

बकुळ, तुमचं उत्तर वाचून मला वाटतं की आपण दोघी तितक्या दूर नाही. तुम्ही बोलणाऱ्याच्या जागी उभं राहूनही त्याची भीती ओळखलीत. कविता तुमच्यापासून काढून घ्यायचा माझा विचार नाही. ती शिकवताना वकीलसाहेबांचा खटला आणि तिची दोन पत्रं सोबत द्यावीत, एवढीच मागणी आहे. हळवी विरहकविता म्हणून ती वीस-एकवीस वर्षांच्या मुलींच्या हाती नुसती ठेवायला माझा विरोध आहे आणि राहील.

वळचण

पत्रं द्या, जरूर द्या. मीही वाचेन. पण कविता आधी, पत्रं नंतर. कविता पहिल्यांदा वाचताना त्या मुलांना वेलिंग्टनही माहीत नको आणि लेडी मेलबर्नही. दोन ठोक्यांच्या त्या ओळी त्यांनी आधी मोठ्याने म्हणू देत. त्यानंतर तुम्ही खटला चालवा, मी बचावाला येईन.